पत्रिकेतलं सातवं नाव

मिस ड्रुसीच्या वर्गात मी पहिल्यांदा गेले ती शिकायला नव्हे, भांडायला. माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला तिने मृत्युपत्र लिहायला सांगितलं होतं. आमच्या टिमन्स बेटावर म्हाताऱ्या माणसाला असं सांगणं म्हणजे त्याच्या मापाची शवपेटी मागवण्यासारखं आहे. मृत्युपत्र लिहिलं की माणूस वर्ष काढत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आई दोन दिवस धड जेवली नाही. मी स्कूल बस आगारात लावली आणि तशीच गणवेशात माउंट हेब्रन चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिले.

"मिस ड्रुसी, माझ्या आईच्या मरणाची तुम्हाला एवढी घाई का?"

"बस, व्हर्डेल," ती म्हणाली. "घाई मला नाही, आपल्या जमिनी घेत सुटलेल्या गोल्फवाल्या कंपनीला आहे. उकडलेल्या शेंगा आहेत, घे."

हॉलमध्ये चौदा-पंधरा माणसं होती, बहुतेक चर्चमधलीच. मी भांडण पोटात ठेवून मागच्या बाकावर बसले. ड्रुसिला चिझम, वय बासष्ट, ठेंगणी, पायात पांढरे कापडी बूट, हातात शाळकरी वही. तिने सगळ्यांना एकेक चिठ्ठी लिहायला लावली होती: आजी-आजोबा गेले तेव्हा तुमच्या हातात काय आलं? चिठ्ठ्या गोळा करून ती मोठ्याने वाचू लागली. गोधडी. बिडाचा तवा. चाप मोडलेली बंदूक. दवाखान्याचं बिल. चौघांनी 'काही नाही' असं लिहिलं होतं. मी लिहिलं असतं तर पाचवी झाले असते.

मग तिने वहीतून गावातल्या एका गोऱ्या कुटुंबाच्या तीन पिढ्या वाचल्या, नाव न घेता. आजोबाकडून मुलाला घर, लाकडाची वखार आणि किनाऱ्यावरची चाळीस एकर. मुलाकडून नातवाला तेच घर, वखार विकून घेतलेली दोन दुकानं आणि बँकेत ठेव.

"या नातवाला मी ओळखते," ती म्हणाली. "त्याच्या टेबलाखालचा कचरा मी काढलाय. माणूस वाईट नाही, आणि तुमच्यापेक्षा हुशार तर मुळीच नाही. त्याच्या आजोबाचं घर त्याच्याकडे आहे. तुमच्या आजोबाचं कुठे गेलं?"

तिने वही मिटून टेबलावर ठेवली.

"दारूत गेलं असं तुम्हाला सांगण्यात आलं. आळसात गेलं असं सांगण्यात आलं. आणि तुम्ही मान डोलावलीत! मी एकोणतीस वर्षं त्या नोंदी वाचल्यात. दारूत दोन गेली. बाकीची कशी गेली ते आता ऐका."

मी कशाला आले होते ते मला घरी पोचल्यावर आठवलं.

तिने त्या नोंदी वाचल्या होत्या हे खरं, पण वाचायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिल्ह्याच्या कचेरीत, जमिनीचे दस्त ठेवतात त्या खोल्या ती झाडायची, पुसायची. पहाटे पाचला सुरुवात. आठला कारकून मंडळी येत, आणि ती पावणेआठला काम संपवी. ती पंधरा मिनिटं तिची. हात कोरडे करून ती एक जाडजूड नोंदवही काढायची आणि उभ्यानेच वाचायची. झाडूवालीला वाचता येत असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, म्हणून कुणी अडवलंही नाही. गुलामी संपल्यावर आमच्या पणजोबांनी कापूस वेचून, खाडीतली कालवं विकून घेतलेल्या जमिनींची नावं तिला तिथे भेटली. दहा एकर, पंधरा एकर, सही म्हणून फुली. आणि मग १९५० च्या सुमारास बेटाला पूल झाला, डासांच्या आमच्या किनाऱ्याला अचानक भाव आला, आणि पुढच्या पानापानावर एकच शब्द. लिलाव.

निवृत्त झाल्यावर तिने हा वर्ग काढला. त्यात ती बाकीचंही सांगायची. महायुद्धावरून परतलेल्या गोऱ्या शिपायांना घरासाठी स्वस्त कर्ज मिळालं. तिचा नवरा तोच गणवेश घालून बँकेत गेला, तर त्याला कुणी बस म्हणालं नाही. पण हे ऐकून लोक नुसते उसासे टाकतात हे तिला माहीत होतं. उसाशांवर तिचा विश्वास नव्हता. उरलेलं कसं धरून ठेवायचं, यावर तिचा जीव होता.

आमची खोड अशी की कचेरी म्हटलं की आम्ही लांबूनच नमस्कार करतो. जो आत गेला तो काही ना काही गमावून आला, हा पिढ्यांचा अनुभव. मग काय, कागदच करायचा नाही. बाप मेला, जमीन सगळ्या मुलांची. मुलं मेली, नातवंडांची. 'कागदच नाही तर विकणार कोण?' असं आमचे म्हातारे मोठ्या ऐटीत म्हणायचे. माझी आई तिच्या आजोबांच्या नावाने जमिनीचा कर भरायची. आजोबा १९२६ साली गेलेले. दर जानेवारीत त्यांच्या नावाची पावती आली की तिला बरं वाटायचं, म्हातारा अजून घरातला कर्ता असल्यासारखं.

कायदा मात्र वेगळंच म्हणत होता. वारस जितके, तितके हिस्से. डेट्रॉइटला जन्मलेल्या, बेटाचं तोंडही न पाहिलेल्या एखाद्या चुलतभावाने आपला हिस्सा फ्रिजच्या किमतीला विकला, की विकत घेणारा कोर्टात उभा राहतो: माझं मला वाटून द्या. कोर्ट म्हणतं, एवढ्याशा जमिनीचे एवढे तुकडे कसे पाडू? विका सगळी. आणि कचेरीच्या पायऱ्यांवर लिलाव होतो. त्या दिवशी खिशात रोकड कुणाच्या असते ते सांगायला नकोच.

"यात कुणी कायदा मोडलेला नाही," मिस ड्रुसी म्हणायची. "म्हणूनच मला जास्त राग येतो."

उपाय एकच. एकूण एक वारस शोधायचे आणि सगळ्यांच्या सहीने असा कागद करायचा की एकट्याला विकताच येणार नाही. वारस शोधायला तिने जे काढलं ते कुठल्या वकिलाला सुचलं नसतं. आमच्यात माणूस जन्मभर कितीही फाटका राहो, त्याची अंत्यविधीची पत्रिका गुळगुळीत कागदावर निघते. पुढे फोटो, आत आयुष्य, शेवटी मागे राहिलेल्या नातलगांची नावं. त्या पत्रिका आम्ही टाकत नाही. बायबलमध्ये, बिस्किटांच्या डब्यात, गादीखाली, घराघरात साठलेल्या असतात. तिने लोकांना डबे घेऊन बोलावलं. टेबलावर मेलेली माणसं पसरायची, शेंगा खायच्या, आणि कोण कुणाचं ते जुळवायचं. असं करत सहा वर्षांत नऊ कुटुंबांच्या जमिनी तिने वाचवल्या. माझ्या आईनेही शेवटी मृत्युपत्र केलं. त्यानंतर ती चार वर्षं जगली, आणि दर वाढदिवसाला मिस ड्रुसीला फोन करून "अजून आहे हं मी!" असं ठणकावून सांगायची.

आणि मग १९९८ चा तो मंगळवार.

चिझम कुटुंबाच्या जमिनीच्या दोन्ही अंगांना तोवर कंपनी आली होती. मधे यांची अकरा एकर, थेट खाडीपर्यंत. त्यावर चार घरं. एक मिस ड्रुसीचं, दोन तिच्या बहिणींची, एक पुतण्याचं. आणि घरची दफनभूमी. त्या दिवशी वर्गात नवी माणसं आली होती, म्हणून नमुना दाखवायला तिने स्वतःच्या वडिलांची, जोना चिझमची पत्रिका आणली होती, १९७९ सालची.

"बघा, पत्रिका अशी हवी," ती म्हणाली. "मजकूर मीच लिहिला होता. सहा मुलं, सहाही नावं, कोण कुठल्या गावी ते सुद्धा."

पुढच्या बाकावर डीकन लेम्युएल बसले होते. चर्चमधले सगळ्यांत वडीलधारे, वय चौऱ्याऐंशी. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते बोटांवर मोजत होते.

"आणि ऑब्री?" ते म्हणाले.

मिस ड्रुसीने पत्रिका मिटली. "आज एवढंच," म्हणाली. शेंगांचं पातेलं तसंच भरलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली. मी कॉफी दिली, ती तिने प्यायली नाही. बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका बाईपासून तिच्या वडिलांना मुलगा होता, ऑब्री सिमन्स. दर शनिवारी जोना तिकडे माशांची पिशवी पोचवायचे. मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर बाप म्हणून त्यांनी स्वतः सही केली होती, म्हणजे कायद्याने तोही वारसच. पंधराव्या वर्षी तो सव्हाना शहरात गोदीत कामाला गेला. या सगळ्याबद्दल घरात अवाक्षर काढायची सोय नव्हती.

"आई पहिल्या बाकावर बसणार होती, व्हर्डेल. तिच्या हातात ती पत्रिका असणार होती. मी पेन उचललं आणि सहा नावं लिहिली. आणि खरं सांगू? लिहिताना मला वाईट वाटलं नाही. चांगलं वाटलं. आईची बाजू घेतली, असं."

"मग झालं ते झालं. आता काय त्याचं?"

"कचेरीतली ती कारकून बाई आहे ना, तिने काल सांगितलं. कंपनीचा माणूस आठवड्यापूर्वी जन्माच्या नोंदी मागत होता. सिमन्स आडनावाच्या."

ऑब्रीचा सातवा हिस्सा कंपनीच्या हाती गेला, की कोर्ट, की लिलाव, की चारही घरं आणि त्या कबरी. नऊ कुटुंबांना वाचवणाऱ्या बाईच्या स्वतःच्याच दाराला कडी नव्हती.

शनिवारी मी तिला माझ्या गाडीतून सव्हानाला नेलं. वाटेत मी माझी अक्कल पाजळली. "हे बघा, कंपनी त्याला चिरीमिरीच देणार. आपण चर्चमध्ये वर्गणी काढू, त्याहून हजारभर जास्त देऊ, आणि हिस्सा सोडल्याची सही घेऊ. जमिनीची खरी किंमत त्याला कशाला सांगायची?"

"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.

ऑब्री सिमन्स दारात आला तो जाळीचं दार न उघडताच. चौसष्ट वर्षांचा उंच माणूस, गोदीतल्या कामाने खांदे एका बाजूला उतरलेले. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही ड्रुसिला," तो म्हणाला. "नाक बापाचंच आहे."

"मी माफी मागायला आले."

"माफी, की सही? सध्या माझ्या सहीला फार भाव आलाय, बाई. सोमवारी एक गोरा मुलगा सहा हजार डॉलर घेऊन येतोय."

तरी त्याने आत घेतलं. स्वयंपाकघरात टेबलभर औषधांच्या बाटल्या होत्या. मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा दवाखाना. त्याने गोड चहाचे ग्लास आमच्यापुढे ठेवले, कारण दारात आलेल्याला चहा न देणं त्याच्या आईने त्याला शिकवलं नसावं. मग त्याने बायबल उघडून त्यातून एक कागद काढला. जोना चिझमची पत्रिका.

"मी आलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "पत्रिका वाटणाऱ्या मुलीने दारात विचारलं, तुम्ही कुटुंबातले की मित्रमंडळींतले? मी म्हटलं, थांब, वाचून सांगतो." त्याने कागद टेबलावर सरळ केला. "वाचलं. मग मित्रांच्या बाकावर जाऊन बसलो."

मिस ड्रुसी रडेल असं मला वाटलं. रडली नाही. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पंजे उघडे.

"ते मी लिहिलं, ऑब्री. आईने नाही, भावांनी नाही. मी."

"ठाऊक आहे. खाली नाव छापलंय."

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. झालं, माफी मागून झाली, आता पैशाचं बोला आणि सही घ्या! तिने पिशवीतून वही काढली. मला हायसं वाटलं. आणि मग तिने त्या माणसाला वर्ग शिकवायला सुरुवात केली. पहिल्यापासून. पणजोबांनी जमीन कितीला घेतली, पूल कधी झाला, हिस्सा म्हणजे काय, लिलाव कसा होतो. शेजारच्या जमिनीला कंपनीने एकरी काय दिलं, तो आकडाही तिच्याकडे होता.

"तुझा हिस्सा सातवा," ती म्हणाली. "त्याची किंमत एक लाखाच्या घरात जाते. सहा हजार नव्हे. सोमवारी सही करू नकोस. विकायचाच असेल तर वकील कर आणि पुरते पैसे घे. हिस्सा तुझा आहे."

"मिस ड्रुसी!" माझ्या तोंडून निघालंच.

ऑब्री माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. "काय बोलताय ते कळतंय ना? मी लाख घेतले तर तुमची घरं जातील."

"जातील."

"मग सांगता कशाला?"

"सहा वर्षं मी लोकांना सांगते, किंमत लपवून सही घेणं ही चोरी आहे. कंपनीने केली की चोरी आणि मी केली की घराचं भलं, असं कसं चालेल? तुझं मी एकदा काढून घेतलंय. दुसऱ्यांदा घेणार नाही."

तो बराच वेळ औषधांच्या बाटल्या एका ओळीत लावत बसला. मग म्हणाला, "त्यांना कुठे पुरलंय? मी चर्चपर्यंतच आलो होतो. पुढे फक्त कुटुंब गेलं."

"खाडीच्या बाजूला. देवदाराखाली."

"शेजारी कोण आहे?"

"उजवीकडे आई. डावीकडे जागा मोकळी आहे."

"ती कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. "थोरली म्हणून बाबांनी मला सांगून ठेवली होती." तिने वही पिशवीत ठेवली. "आजपासून तुझी. सहीच्या बदल्यात नाही, ऑब्री. जमीन विकलीस तर ती जागाही जाईल, ते तुझ्या हातात. पण जोवर आहे तोवर तुझी."

"घरी जा," तो म्हणाला. "मला काही बोलू नका आता."

परतताना मी तिच्यावर तोंडसुख घेतलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. चार घरं तुम्ही तत्त्वापायी उधळलीत, तुमच्या बहिणी म्हातारपणी कुठे जातील, असं वाट्टेल ते बोलले. तिने एकदाच "असेल" म्हटलं. पूल आला तेव्हा तिने खिडकीची काच खाली केली आणि खाडीचा वास आत येऊ दिला.

सोमवार गेला. कुणाला जेवण गेलं नाही. मंगळवारी ती वर्गात उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःला काडीचीही सूट न देता. आणि म्हणाली, जमीन गेली तर म्हणू नका की कंपनीने नेली. कंपनी नेईल, पण दार मी उघडं ठेवलं होतं. डीकन लेम्युएल टोपी हातात घेऊन खाली बघत राहिले. मला वाटतं, आपण ते नाव उच्चारलं याचं त्यांना वाईट वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. निघताना मी ऑब्रीकडे माझा नंबर ठेवला होता.

"ड्रुसीला सांग," तो म्हणाला, "सोमवारी मी घरी नव्हतो. मासे धरायला गेलो होतो. या सोमवारीही जाणार आहे."

मी अनवाणीच तिच्या घरी पळाले. ती कपडे वाळत घालत होती. निरोप ऐकून तिने हातातली चादर तोंडावर धरली आणि मग मात्र रडली, चांगली हमसून हमसून. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

त्या हिवाळ्यात साती शाखांच्या सह्या झाल्या. ऑब्री स्वतः बेटावर आला, कोट घालून, आणि वयाप्रमाणे त्याची पाळी आली तेव्हा त्याने सही केली. जमीन आज आहे तशी आहे. दोन्ही बाजूंना कंपनीचं कुंपण, आणि त्यांचे गोल्फचे चेंडू आमच्या कबरींवर येऊन पडतात. पुतण्याची मुलं ते गोळा करून त्यांनाच परत विकतात.

मिस ड्रुसी त्यानंतर पाच वर्षं वर्ग घेत होती. २००३ च्या मार्चमध्ये पक्षाघाताने गेली. दफनाच्या आदल्या दिवशी तिच्या बहिणींनी धरलंच: तिला बाबांजवळ ठेवायचं. ऑब्री अजून चालता-फिरता आहे, त्याचं त्या वेळी बघू. ऑब्रीही म्हणाला, ठेवा, मला राग नाही. शेवटी तिने माझ्याकडे ठेवलेलं तिचं मृत्युपत्र मला वाचून दाखवावं लागलं. त्यात लिहिलं होतं की मला कुंपणाकडच्या टोकाला ठेवा, बाबांच्या डावीकडची जागा माझ्या भावाची आहे. तिच्या शब्दापुढे जिवंतपणी कुणाचं चाललं नव्हतं, आता कुठून चालणार?

ऑब्री दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सव्हानाहून येतो. त्याची भाची त्याला फाटकापाशी सोडते. तो काठी टेकत वडिलांच्या कबरीवरून पुढे जातो, थेट कुंपणापर्यंत, आणि तिथे घडीची खुर्ची उघडून बसतो. त्या टोकाला झाड नाही, ऊन भाजून काढतं. मागच्या महिन्यात मी त्याला म्हटलं, "अहो, बाबांजवळ बसा की, तिकडे सावली आहे."

"बापाजवळ मला कायमचं राहायचंय, व्हर्डेल," तो म्हणाला. "तोवर हिच्यापाशी बसू दे."